हव म्हणजे हवं नव्हे

रसाचा ग्लास कौमुदीच्या ओठांपर्यंत पोचला आणि तेवढ्यात शेजारचा माणूस म्हणाला, "हव."

ती थांबली. बाजूला बघितलं. उंच, सावळा, घामानं कपाळाला चिकटलेले केस… आणि नजर थेट तिच्या ग्लासावर.

"हव," तो पुन्हा म्हणाला. मग जरा कळवळून, "हव ना… हव."

आता बघा, नवतप्याची दुपार, म्हणजे उन्हाळ्यातल्या सगळ्यात कडक नऊ दिवसांतली. रायपूरच्या शंकर नगरमध्ये रस्त्यावर चप्पल ठेवली तर चिकटेल असं ऊन. कुत्री बंद शटरच्या सावलीला जीभ काढून पडलेली. कौमुदी सकाळपासून लॅबमध्ये सूक्ष्मदर्शकाला डोळे लावून उभी होती. पाय भरून आले होते, मान आखडून लाकूड झाली होती, आणि रसवाल्या भैयानं नुकतंच सांगितलं होतं, "दीदी, बरफ खतम. ये आखरी गिलास है." त्या शेवटच्या गार ग्लासाकडे बघत एक परका माणूस चक्क मराठीत 'हवं, हवं' करतोय. सांगलीत वाढलेल्या मुलीला दुसरं काय ऐकू येणार?

भांडायचंसुद्धा त्राण नव्हतं तिच्यात.

"घ्या," तिनं ग्लास पुढे केला. "इतकं हवंय तर घ्या. मी पाणी पिते."

तो दचकला. केसांमागे लपलेलं काळं बोंड कानातून काढून म्हणाला, "मले म्हटलं का?"

"तुम्हीच मागताय ना मघापासून. हवं, हवं, हवं."

मग त्याच्या चेहऱ्यावर हसू उगवलं… हळूहळू, एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात.

"मॅडम, मी फोनवर आईसंग बोलून राहिलो होतो. हव म्हणजे हो. आमच्या इकडं हो ले हव म्हणतात. आणि नुसतं ऐकून राहिलो असलो तरी बी हवच. आई बोलते, मी हव हव करतो. तिले वाटते पोट्टा लक्ष देऊन राहिला."

"मग माझ्या ग्लासाकडे का बघत होता?"

तो ओशाळला. "थे मात्र… खरंच हवं होतं."

कौमुदी हसली. किती दिवसांनी हसली, हे तिला स्वतःलाच आठवेना. रसवाल्या भैयानं न सांगता दुसरा ग्लास पुढे केला आणि तो शेवटचा रस दोन ग्लासांत अर्धा अर्धा झाला.

नाव त्याचं यशदीप.

पण हे नाव तिला त्या दिवशी कळलं नाही. ते कळलं दोन दिवसांनी, आणि तेही भलत्याच ठिकाणी.

कौमुदी ज्या केंद्रात कामाला होती, तिथं मूल होत नसलेली जोडपी यायची. तिचं काम लॅबमधलं. बाईचं बीज आणि पुरुषाचं बीज काचेच्या बशीत एकत्र यायचं आणि त्यातून गर्भाचा पहिलावहिला ठिपका तयार व्हायचा. डॉक्टर त्याला एम्ब्रियो म्हणत. कौमुदी मनातल्या मनात ठिपकाच म्हणायची. त्याला जपायचं, वाढताना बघायचं, पाचव्या दिवशी त्याला गुण द्यायचे आणि सांगायचं की आईच्या पोटात कुणाला सोडावं. काही ठिपके रुजत. बरेचसे रुजत नसत. बाहेर बाकावर बसलेल्या बायका तिला लिफ्टपाशी गाठून विचारत, "दीदी, हो जाएगा ना?" ती खाली बघून निघून जायची. दीड वर्ष असं खाली बघून बघून तिची मान आखडली होती, सूक्ष्मदर्शकाला उगाच नावं ठेवण्यात अर्थ नव्हता.

तर त्या दिवशी केंद्रातला मदतनीस राकेश दारातून ओरडला, "दीदी, पायल मैडम आ गईं. साथ में हसबैंड—"

"भाई, भैया," मागून ओळखीचा आवाज आला. "भाई. यशदीप."

पायल त्याची धाकटी बहीण. तिचा नवरा संघर्ष शहराबाहेर उरल्याच्या रोलिंग मिलमध्ये. तिथली पाळी अशी की लोखंड थंड होतं पण माणसाला सुट्टी मिळत नाही. म्हणून इंजेक्शनांना, तपासण्यांना भाऊच घेऊन यायचा. आधी दोनदा दुसरीकडे उपचार करून झाले होते. दोन्ही वेळा काही नाही. पायलच्या डोळ्यांखाली त्याची काळी वर्तुळं होती, पण जीभ अजून शाबूत होती.

"दादा," तिनं कौमुदीला आपादमस्तक न्याहाळून विचारलं, "ह्याच का त्या रसवाल्या मॅडम?"

यशदीप भिंतीवरचं बाळाचं चित्र फार बारकाईनं बघायला लागला. म्हणजे घरी सांगून झालं होतं तर.

पुढं रोजच्या दुपारी रसाच्या गाड्यापाशी ती दोघं भेटायला लागली. ठरवून नाही हं. पायलला आत सोडलं की त्याला बाहेर थांबायचंच असायचं, आणि कौमुदीला त्याच वेळी तहान लागायची. तहानेला कोण काय करणार?

"तुम्ही काय करता?" तिनं एकदा विचारलं.

"हवामान खात्यात आहो."

"म्हणजे तिथंपण हवच."

"हव," तो म्हणाला, आणि दोघंही हसली. मग तो गाड्याला टेकून, थकल्यासारखा म्हणाला, "सगळा पारा, सगळा मोहल्ला मले ओळखते. दूधवाला, किराणावाला, शाळेतली पोट्टी. सगळ्यांचा एकच सवाल. पाऊस कधी येईल? साठ टक्के म्हटलं आणि नाही आला, तं माझ्याकडे असे पाहतात जसा मीच ढग लपवून ठेवला."

"मला विचारतात, होईल ना."

"मंग काय सांगता?"

"काही नाही. सांगायचं काम आमच्या डॉक्टरांचं, प्रेमला मॅडमचं. त्याही टक्क्यांतच सांगतात. पण टक्के कुणाला ऐकू येत नाहीत हो. त्यांना फक्त हो नाहीतर नाही ऐकू येतं."

रसाच्या चरकाची घुंगरं वाजत राहिली. तिच्या बाजूचं ऊन अडेल असा तो नकळत एक पाऊल सरकून उभा राहिला… आणि ते तिला कळलं, आणि कळलं नाही असं तिनं दाखवलं.

एक दिवस त्यानं विचारलं की गुण देता म्हणजे नेमकं काय बघता.

"दिसणं," ती म्हणाली. "पेशी किती, सारख्या आहेत का, कडा कशी आहे. देखणा असेल तर ए-ए. साधा असेल तर बी-बी."

"मी कोणता?"

तिनं डोकं तिरकं करून त्याच्याकडे बघितलं. खरं तर गरजेपेक्षा जरा जास्तच वेळ बघितलं.

"बी-बी."

"सी नाही म्हटलं, एवढं पुष्कळ झालं."

"पण नुसत्या दिसण्यावर भरवसा नसतो," ती घाईनं म्हणाली, कारण कान तापले होते. "देखणे ठिपके रुजत नाहीत आणि साधे रुजतात, असं कितीदा होतं. म्हणून आमच्याकडे आता एक अभ्यास चाललाय. ठिपका ज्या थेंबभर द्रवात वाढतो ना, तो द्रव आम्ही आधी फेकून द्यायचो. आता तपासतो. त्यानं त्यातलं काय खाल्लं, काय ठेवलं, काय बाहेर टाकलं… त्यात काही खुणा सापडतात. त्यांना मार्कर म्हणतात. त्यावरून आत कसं चाललंय याचा अंदाज बांधायचा. ठिपक्याला हातही न लावता."

यशदीप विचारात पडला. मग म्हणाला, "म्हणजे उष्टं पाहता."

"काय?"

"उष्टं. ताटातलं. आई माझी तब्येत अशीच पाहते. ताप आहे का नाही विचारतच नाही. ताट पाहते. भात उरला तं म्हणते, पोट्टा बरा नाही."

कौमुदी त्याच्याकडे बघतच राहिली. दीड वर्ष ती हे लोकांना समजावून सांगायला धडपडत होती, आणि हा पठ्ठ्या रस पितापिता एका शब्दात सांगून मोकळा. उष्टं.

आणि मग तो हळूच म्हणाला, "तुमचा डबा पाहतो ना मी रोज. अर्धी पोळी त्या कोपऱ्यावरच्या गाईले जाते. मार्कर ठीक नाही तुमचे."

इतक्या लोकांच्या आतलं काय काय बघणारी मुलगी, तिच्या आत कुणी डोकावलंच नव्हतं. तिनं डब्याचं झाकण उगाच घट्ट लावलं. आधीच लागलेलं होतं ते.

दुसऱ्या दिवशी तो स्टीलचा डबा घेऊन हजर. "आईनं दिला. बोरे बासी."

आत रात्रभर पाण्यात भिजलेला भात, वर चिरलेला कांदा, हिरवी मिरची, कैरीचं लोणचं.

"शिळा भात?" सांगलीकरीण नाक मुरडून म्हणाली.

"खाऊन पाहा. मंग नाक मुरडा."

तिनं एक घास घेतला. मग दुसरा. गार, आंबूस, मिरचीनं जिभेला चटका आणि लगेच पाण्याचा थंडावा… डोक्यात सकाळपासून भणभणणारा थकवा कुणीतरी अलगद उचलून बाजूला ठेवल्यासारखा झाला. तिनं डब्याच्या कडा बोटानं निपटल्या. यशदीपनं रिकामा डबा उचलला, एक डोळा मिटून सूक्ष्मदर्शकात बघावं तसा आत बघितला आणि गंभीरपणे जाहीर केलं,

"ए-ए."

त्याच आठवड्यात सांगलीहून आईचा फोन आला. आई नेहमीसारखी सांगत होती, काकूचं गुडघ्याचं दुखणं, शेजारच्या घराचा रंग. कौमुदी ऐकत होती, ऐकत होती…

"अगं, काय हवंय तुला मघापासून?" आई वैतागली. "हवं हवं काय लावलंयस?"

कौमुदीनं जीभ चावली. लागली होती की सवय.

पायलचे दोनच ठिपके पाचव्या दिवसापर्यंत टिकले. एक देखणा, गोल, जणू कंपासनं काढलेला. दुसरा साधा, कडेला जरा ओबडधोबड. थेंबांच्या तपासणीत मात्र उलटं आलं. साध्याच्या खुणा चांगल्या, देखण्याच्या जेमतेम. कौमुदीनं प्रेमला मॅडमना तसं सांगितलं.

"हा अजून अभ्यास आहे, कौमुदी. भविष्य नाही," मॅडम म्हणाल्या. त्या चिडल्या नव्हत्या, त्याही थकल्याच होत्या. "जे सिद्ध झालं नाही, त्यावर मी तिचा निर्णय घेऊ शकत नाही. देखणा आधी सोडू. दुसरा गोठवून ठेव."

मॅडमचं काही चुकलं नव्हतं. कौमुदीनं मान हलवली.

त्या दिवशी पायल आतल्या टेबलावर होती. लॅब आणि ती खोली यांच्यामध्ये एक छोटी खिडकी. खिडकीच्या अलीकडे कौमुदी, हातात केसासारखी बारीक नळी, नळीत तो ठिपका. श्वाससुद्धा जपून घ्यायचा असतो तेव्हा. डोळे फक्त तिथंच. पलीकडून पायलचा आवाज आला,

"दीदी… यंदा होईल ना?"

आणि कौमुदी नजर न हलवता म्हणाली, "हव… हव."

तिला आपण काय म्हणालो हे कळलंही नाही. नळी पुढे गेली, मॅडमनी काम पुरं केलं, राकेशनं दिवा मालवला. दीड वर्षात कुणाला जे म्हणाली नव्हती, ते कौमुदी म्हणून बसली होती, आणि तिच्या कानावर ते पडलंच नव्हतं.

चार-पाच दिवसांनी यशदीप रसाच्या गाड्यापाशी आला तो हवेत तरंगतच.

"आई सदर बाजारात गेलती," तो म्हणाला. "बाळाले चांदीचे वाळे घेऊन आली. एवढेसे." त्यानं दोन बोटांत अंतर दाखवलं. "मी म्हटलं, आई, थांब ना थोडी. तं म्हणते, काहून थांबू? मशीनवाल्या दीदीनं पायलले सोता हव म्हटलं. डॉक्टर नाही सांगत, पण तिनं डोळ्यानं पाहिलं असन तवाच म्हटलं ना."

कौमुदी ग्लास ओठांपाशी नेता नेता थांबली. हव? मी? कधी?… आणि मग आठवलं. खिडकी. नळी. पलीकडचा आवाज.

आत्ता सांगायला हवं, तिला वाटलं. आत्ताच. तिनं तोंड उघडलंसुद्धा. पण तो हसत होता… एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात. त्या बोटांमधलं ते एवढंसं अंतर तसंच धरून हसत होता. आणि ती इतकी दमली होती, इतकी, की तेवढं एक हसू मोडायला लागणारं बळ तिच्या अंगात नव्हतं.

ती गप्प बसली. रस प्यायली. रस कडू लागला.

पायलच्या रक्ततपासणीचा निकाल आला तेव्हा नवतपा कधीच सरला होता. काही नव्हतं. ठिपका रुजला नव्हता.

यशदीप गाड्यापाशी यायचा बंद झाला. कौमुदीला मात्र रोज त्याच वेळी तहान लागायची. रसवाल्या भैयानं एक-दोनदा तिच्यामागे रस्त्याकडे बघितलं आणि काही विचारलं नाही. मग एका संध्याकाळी, रस्त्यावर धुळीची आंधी उठलेली, दुकानांचे पडदे फडफडत असताना, तो आला. रस मागितला नाही.

"तुम्ही हव काहून म्हटलं?"

चढा आवाज असता तर बरं झालं असतं. तो अगदी हळू बोलला.

"मी…" कौमुदीनं डोळ्यांतली धूळ पुसली. "माझे डोळे नळीवर होते. ती काय विचारतेय हे मी नीट ऐकलंच नाही. तोंडातून आपोआप निघालं. तुमचा हव."

"माझा?"

"तुमचाच. माझ्याकडे कुठं होता? आमच्या सांगलीत आम्ही नुसतं हं म्हणतो. हं म्हटलेलं ऐकून कुणी सदर बाजारात जात नाही."

तो म्हणाला, "आमच्या हवचं असं आहे मॅडम. तो हुंकार बी असते आणि होकार बी असते. कोणता, हे ऐकणारानं ओळखायचं. पायलनं होकार ओळखला. तिची चूक नाही."

"नाही."

"आणि मंग? मी वाळ्यांचं सांगतलं, तवा?"

"तेव्हा ऐकलं होतं मी. सगळं."

"मंग काहून नाही बोलल्या?"

"तुम्ही हसत होता," कौमुदी म्हणाली.

आंधीनं कुठलासा टिनाचा पत्रा वाजवला. यशदीपनं तिच्याकडे बघितलं, असं, की त्यापेक्षा तो ओरडला असता तर तिला सोसलं असतं.

"अंदाज चुकला तं आम्ही दुसऱ्या दिवशी नवा देतो," तो म्हणाला. "आईले मी कोणता नवा देऊ?"

आणि गेला.

मग पाऊस आला, पडला, रस्ते धुऊन गेला. कौमुदीनं तो शब्द सोडून दिला. फोनवर आई म्हणाली, "हल्ली नुसतं बरं, बरं करतेस. तब्येत बरी ना?" ती म्हणाली, "बरं." डब्यातली पोळी अर्ध्याच्या वर उरायला लागली. गाडा पावसाळ्यात बंद, म्हणून गायसुद्धा दुसऱ्या कोपऱ्यावर गेलेली. आणि गोठवणीच्या टाकीत, ओबडधोबड कडेचा तो साधा ठिपका वाट बघत होता. रोज टाकी तपासताना कौमुदीचा हात त्या कप्प्यापाशी जरासा थबकायचा.

पोळ्याच्या आधी, बाजारात मातीचे बैल मांडले गेले तेव्हा, पायल परत आली.

"दादा बाहेर गाडीवर बसून आहे," तिनं आल्या आल्या सांगितलं. "आत ये म्हटलं तं नाही येत. भिजून राहिला."

"भिजू दे," कौमुदी म्हणाली. पण खिडकीकडे एकदा बघितलंच.

या खेपेला ती खिडकीआड राहिली नाही. नळी हातात घेण्याआधी हातमोजे काढून, दार उघडून पलीकडे गेली आणि पायलच्या उशापाशी उभी राहिली.

"मागच्या वेळचा तो हव—"

"माहीत आहे," पायल म्हणाली. "दादानं सांगतलं. मलेच समजाले पायजे होतं, दीदी. आमचा संघर्ष बी मोबाईल पाहता पाहता असाच हव म्हणते. मंग मी भांडते तं म्हणते, मी कधी म्हटलं?"

कौमुदीला हसू आलं आणि त्याच्यासोबत डोळ्यांत पाणीही आलं, दोन्ही एकदमच. तिनं पायलचा हात हातात घेतला. गार पडला होता.

"आता विचार."

"यंदा… होईल ना?"

"मला माहीत नाही," कौमुदी म्हणाली. तिच्या डोळ्यांत बघून, एकेक शब्द. "दिसायला साधा आहे. पण ताट नीट जेवलाय. खुणा बऱ्या आहेत. तरी मला माहीत नाही, पायल. कुणालाच नसतं."

पायलनं कौमुदीचा हात दाबला.

"चालते," ती म्हणाली. "माहीत नाही म्हणायले बी कोणी जवळ आलं नव्हतं आजवर."

संध्याकाळी कौमुदी बाहेर पडली तर पायऱ्यांवर स्टीलचा डबा ठेवलेला. शेजारी ओलाचिंब यशदीप, डब्याकडे बघत, तिच्याकडे नाही.

"ठेठरी आहे. आईनं दिली. म्हणे, थे पोट्टी उपाशी असन."

"आई रागावल्या नाहीत?"

"रागावली आहे. पण उपाशी माणसावर तिले रागावता येत नाही."

त्या रात्री तिनं बेसनाची ती खमंग, खारी, कुरकुरीत ठेठरी एकटीनं संपवली. शेवटचा चुरासुद्धा. आणि डबा कधी रिकामा परत द्यायचा नसतो, हे तर सांगलीलाही माहीत आहे आणि रायपूरलाही. तिनं त्यात आईनं पाठवलेली शेंगदाण्याची चटणी काठोकाठ भरली.

मग निकालाचा दिवस. सकाळीच पायलनं रक्त दिलं होतं, दुपारपर्यंत तिच्या मोबाईलवर कळणार होतं. उघाड पडली होती, रसाचा गाडा पुन्हा लागला होता. कौमुदी येऊन पोचली तेव्हा यशदीप आधीच उभा होता, समोर दोन ग्लास.

"बरफ आहे," तो म्हणाला. "आज भांडण नाही."

तिनं ग्लास घेतला, पण प्यायली नाही. दोघांची नजर त्याच्या खिशातल्या फोनकडे.

"एक विचारू?" तो म्हणाला.

"निकाल येऊ द्या ना आधी."

"नाही. आधीच विचाराचं आहे." तो एवढा गंभीर तिनं कधी बघितला नव्हता. "नंतर विचारलं, आणि निकाल चांगला असला, तं तुमाले वाटन की पोट्टा खुशीत बोलून गेला. वाईट असला तं वाटन की रडाले खांदा पायजे. म्हणून आत्ता. ढग नाही, ऊन नाही, तवा."

चरकाची घुंगरं थांबली होती. रसवाला भैया ऊस सोलायचं सोडून त्यांच्याकडे बघत होता. त्याला मराठी कळत नव्हतं, पण एवढं कळत होतं.

"मी तुमचा डबा पाहिला," यशदीप म्हणाला. "आधी रिकामा केला असन, मंग भरून दिला. आईले म्हटलं, आई, हे मार्कर कसे आहेत? तं म्हणते, मले काय विचारतं, तिले विचार. म्हणून… मी बी-बी आहो. हवामानवाला आहो, अंदाज चुकते. घरचे, समाज… ते सगळं सोपं नाही, मले माहीत आहे. तरी… माझ्यासंग राहाल का?"

खिशातला फोन वाजला.

दोघंही दचकली. यशदीपचा हात खिशाकडे गेला. पडद्यावर पायलचं नाव.

"उचला," कौमुदी पुटपुटली.

तो उचलेना. फोन वाजत राहिला आणि तो तिच्याकडे बघत राहिला, आणि तिला कळलं, तो आधी तिचं ऐकणार होता. एकदा चुकीच्या वेळी निघालेल्या शब्दापायी किती काय झालं होतं. आज हातात नळी नव्हती. डोळे दुसरीकडे नव्हते. समोर तो होता, पूर्ण, आणि ती ऐकत होती, पूर्ण.

"हव," कौमुदी म्हणाली.

"हुंकार की—"

"होकार," ती म्हणाली. मग जरा थांबून, "आणि हवंसुद्धा. सांगलीचं."

फोन अजून वाजत होता. तिनंच पुढे होऊन पडद्यावर बोट फिरवलं आणि आवाज मोठा केला. पलीकडे नुसता श्वास. मागे तिच्या आईचा, भीमाबाईंचा आवाज, काय झालं, सांग ना पोरी, काय झालं. कौमुदीच्या मनात तिचं सगळं शिकलेलं एका झटक्यात येऊन गेलं. ही फक्त पहिली पायरी, अजून कितीतरी आठवडे, एका ठिपक्यानं काही सिद्ध होत नाही. ते सगळं खरं होतं. तिनं यशदीपचा हात घट्ट धरला.

"दादा," पायलचा आवाज आला, ओला, थकलेला, इतका हळू की रस्त्यावरच्या गाड्यांत जवळजवळ हरवला.

"दादा… हव."